नकाशाची पाठ

देवळालीत, लॅम रोडच्या आत, आंब्यांमागे.
टेपचं दुसरं टोक शांतवन पारधेच्या हातात.
भिंत भरली सव्वादोन फूट.
"पुन्हा धरा," मी म्हणाले.
पुन्हा सव्वादोन.
डोंगराकडे तोफखान्याचा सराव चालू होता,
प्रत्येक धडाक्याला काचा वाजायच्या
थंडीत दात वाजावेत तशा.
भिंतीला काही ऐकू येत नव्हतं.

कुणा मेजरनं काढलेलं घर,
आपल्या मुलखातलं कुठलंसं खेडं आठवून.
छपराला एवढा उतार, की बर्फ घसरून जावा.
बर्फ कुठला. मोहोर घसरतो,
माकडांची पिल्लं घसरतात,
एकदा शांतवनची चप्पल घसरली, ती अजून पन्हळीत आहे.
दिवाणखान्यात शेकोटीची दगडी कमान.
पौषातले पंधरा दिवस तिथं लाकूड जळायचं म्हणे,
बाकीचं वर्ष गांधीलमाशांचं.

दगड मात्र इथला.
पलीकडच्या डोंगरात लेणी आहेत, त्याच जातीचा काळा.
तिथं दगड काढून टाकत टाकत खोली झाली,
इथं आणून आणून.
कोपऱ्यांचे दगड घोटलेले, मधले नुसते ठोकून बसवलेले,
सांध्यातला चुना नखानं खरवडावा तर नख झिजतं.
एका खिडकीखालच्या दगडावर टाकीच्या रेघा
उलट्या तिरप्या, डावखुऱ्या हाताच्या.
पुढच्या खिडकीत तो हात नाही.

दुपारी मूळ नकाशा उलगडला:
खळ दिलेलं तलम कापड, त्यावर शाईच्या रेघा.
शेजारी माझं रेखाटन ठेवलं,
आणि काही जुळेना.
नकाशात निजायची खोली पश्चिमेला.
मी उभी होते ती पूर्वेला.
जिना डावीकडे. आम्ही तर उजवीकडून चढलो होतो.
कोठार, न्हाणी, धुराडं,
सगळं आपापल्या मापात, इंचाची चूक नाही,
फक्त घरानं कूस बदललेली.

तासभर टेपवर संशय घेतला.
मग होकायंत्रावर.
मग शाळेत डावं-उजवं शिकवणाऱ्या बाईंवर.
शेवटी कापड उचललं, खिडकीशी उजेडात धरलं
मागच्या बाजूनं,
आणि घर आलं, जसंच्या तसं.
अक्षरं तेवढी पाठमोरी.

गवंड्याला इंग्रजी येत नसेल
तर त्याला दोन्ही बाजू सुलट्याच.
किंवा त्याला वाचता येत होतं:
अक्षर नाही, चैत्रातलं चार वाजताचं ऊन.
नकाशाप्रमाणे ते पडायचं साहेबाच्या उशीवर.
आता कोठारावर पडतं, जिन्याच्या पाठीवर,
धुराड्याच्या जाडजूड दगडात शिरतं
आणि पलीकडे पोचत नाही.

पाया भरल्यावर मेजर आला असेल घोड्यावरून.
ओरडला असेल,
किंवा चक्कर मारून, सावलीत उभा राहून,
रुमालानं मान पुसून गप्प बसला असेल.
दप्तरात एवढंच: सही, आणि खाली शेरा,
'बांधकाम नकाशाबरहुकूम'.

शांतवनला सांगितलं. तो हसला नाही.
"माझा बाप इथं खानसामा होता, ताई.
आई म्हणायची, या घरात दुपारी फार झोप लागते,
कामाच्या माणसाला हे बरं नव्हं."

माझ्या अहवालात एक रकाना आहे,
मूळ आराखड्यापासून फरक.
'नाही' लिहिलं. खोडलं.
'संपूर्ण' लिहिलं, तेही खोडलं.
रकाना दोन ओळींचा, आता जागा उरली नाही.

कापडाची घडी घालताना पाठीवर दिसला
चुन्याचा ठसा, अर्धा अंगठा.
डावा की उजवा, सांगता येईना.
तोफ वाजली. काचा हलल्या.
भिंतीच्या त्या टोकाहून शांतवन म्हणाला,
"टेप सोडू का?"